एका तासाची मागणी

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. त्या जागेचा प्रदीर्घ वाद २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात महापालिकेच्या बाजूने संपला, डिसेंबरात तो जीर्ण वाडा उतरविण्यात आला आणि तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. स्मारक व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र जी महापालिका या स्मारकाची धनी होणार, तीच या शहरातील शेकडो शाळांचीही धनी आहे. त्या शाळांत फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची स्थिती काय आहे, यावरूनच फुले दांपत्याचा वारसा या शहराच्या अंगी किती भिनला हे ठरणार आहे. स्मारकाच्या उंचीवरून नव्हे.

त्या पहिल्या शाळेची आठवण काढताना आपण सावित्रीबाईंनी सोसलेल्या शेणमाराची आठवण काढतो. ते योग्यच आहे. परंतु त्या शाळेविषयीच्या दोन साध्या गोष्टी आपण विसरतो. पहिली अशी की, सावित्रीबाई शिकवावयास उभ्या राहिल्या त्या शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेऊन. अहमदनगरला फरारबाईंच्या आणि पुण्यात मिचेलबाईंच्या अध्यापनवर्गात त्यांनी हे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्या एकट्या नव्हत्या. १८५६ साली आजारपणामुळे त्यांना माहेरी, नायगावला राहावे लागले, तेव्हा जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी चिंता केली आहे ती आपल्यामागे सारा भार ज्या फातिमाच्या अंगावर पडला होता तिची. महाराष्ट्रातील लोकशाळांच्या इतिहासाच्या आरंभीच अशा रीतीने प्रशिक्षण आणि सहकार्य या दोन्ही गोष्टी हातात हात घालून उभ्या आहेत. पुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो आणि ज्या शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांना शिकवावयाचे त्यांच्यात ते मिसळत नाहीत, अशी तक्रार केली. शिक्षकाची तयारी, त्याचा पगार आणि त्याचे समाजाशी नाते ही तिन्ही सूत्रे एका दमात मांडणारा तो बहुधा आपल्याकडचा पहिला दस्तऐवज असावा.

या गोष्टीला १४० वर्षे उलटून गेली. पगाराचा प्रश्न शिक्षक संघटनांच्या लढ्यांमुळे बऱ्याच अंशी सुटला, तरी नव्या भरतीच्या वाटेने तो पुन्हा उपस्थित झाला आहे. अप्रशिक्षित शिक्षक आता कायद्यानेच नेमता येत नाही. तरीही महापालिकेच्या शाळेत मूल घालणाऱ्या मोलकरणीला, रिक्षावाल्याला, बांधकामावरच्या बिगाऱ्याला विचारा, की बाबा, शेजारच्या खासगी शाळेची फी परवडली असती तर तू काय केले असतेस? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते उत्तर बदलावयाचे असेल तर शिक्षकाच्या प्रशिक्षणाकडे आणि शिक्षकांच्या परस्पर सहकार्याकडे नव्याने पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रशिक्षणाची उतरंड

शिक्षक-प्रशिक्षणाच्या बाबतीत पुणे ही महाराष्ट्राची राजधानीच म्हणावी लागेल. १९६४ साली स्थापन झालेली राज्य शिक्षण संस्था, जिचे १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले, ती सदाशिव पेठेत आहे. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे. १९४१ पासूनचे टिळक शिक्षण महाविद्यालय येथलेच. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली मुंबईहून येथेच आली. लोणी काळभोरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. इतके दिवे एका शहरात तेवत असता त्यांच्याच खाली अंधार का, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरू नये.

याचे कारण आमच्या मते प्रशिक्षणाच्या रीतीत आहे. आपल्याकडे प्रशिक्षण हे उतरंडीसारखे रचलेले असते. सर्वांत वर राष्ट्रीय पातळीवर एक आशय ठरतो. तो राज्याच्या तज्ज्ञांना सांगितला जातो, ते जिल्ह्याच्या तज्ज्ञांना सांगतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि शहर साधन केंद्राला, आणि तेथून तो शिक्षकापर्यंत झिरपतो. वरच्या मडक्यातील पाणी खालच्या मडक्यात येईतो त्यातले किती सांडले, किती गढूळ झाले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. हिशेब ठेवला जातो तो किती मडकी भरली याचा. २०१९ साली केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा देशातील सुमारे ४२ लाख शिक्षकांना त्याखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर झाले. साथीच्या काळात तो ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर नेण्यात आला. ध्वनिचित्रफीत पाहावी, प्रश्नांची उत्तरे टिचकीने निवडावी, प्रमाणपत्र उतरवून घ्यावे आणि त्याची प्रत मुख्याध्यापकाकडे द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा चांगली आहे. पण हे तास प्रमाणपत्रांच्या चवडीने मोजावयाचे झाले, तर पन्नासांचे शंभर केले तरी वर्गात काही फरक पडणार नाही.

सेवेत बारा वर्षे झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षे झाली की निवडश्रेणी. या दोन्हींसाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो. अलीकडे या प्रशिक्षणाचे शुल्कही शिक्षकांकडूनच वसूल केले गेले. ज्या प्रशिक्षणाची फलश्रुती वेतनपत्रकात दिसते आणि वर्गात दिसत नाही, त्याबद्दल शिक्षकाच्या मनात ओढ कशी उत्पन्न होणार? मालकाने कामगाराला नवे यंत्र शिकवावयाचे आणि त्याचे पैसे कामगाराच्याच पगारातून कापावयाचे, असे एखाद्या गिरणीत घडले असते तर आपण त्याला काय म्हटले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे

सेवेत येण्यापूर्वीच्या प्रशिक्षणाची कहाणी याहून खेदजनक आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. शिक्षणपदविका ही नोकरीची हमी समजून खेड्यापाड्यांतील गरीब घरांनी जमिनी गहाण टाकून मुलामुलींना या विद्यालयांत पाठविले. एकाच वेळी शेकडो नव्या संस्थांना मान्यता देण्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ साली या आयोगाने अहवाल दिला. तपासणी झालेल्या महाराष्ट्रातील संस्थांपैकी बहुसंख्य मान्यतेस अपात्र ठरल्या आणि शिक्षक घडविण्याचे काम देशभर बव्हंशी खासगी चालकांच्या हाती गेल्याचे या अहवालाने दाखवून दिले. ज्या राज्यात सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले त्याच राज्यात अध्यापनाचे शिक्षण हा बाजारातील माल झाला होता.

बाजाराने नासविलेल्या या व्यवस्थेवर सरकारने काढलेला उपाय म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. परंतु तीही बाजारापासून सुरक्षित राहिली नाही. २०२१ च्या डिसेंबरात पुण्याच्याच पोलिसांनी या परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आणला. पैसे देऊन गुण वाढविले गेल्याचे निष्पन्न झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरविण्यात आले. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. वीस-वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकांत त्यामुळे खळबळ उडाली.

या निर्णयाच्या कायदेशीर बाजूत आम्ही शिरत नाही. शिक्षकाची पात्रता तपासू नये, असेही आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या मुलाला अपात्र शिक्षक चालेल, ही भूमिका कोणाही समाजवाद्याला घेता येणार नाही. परंतु परीक्षा ही ताप मोजण्याची नळी आहे, औषध नव्हे, एवढे तरी शासनाने ध्यानी घ्यावे. जो शिक्षक वीस वर्षे एकाच खोलीत, कोणाच्याही सल्ल्यावाचून, कोणाच्याही मदतीवाचून शिकवीत राहिला, त्याला एके दिवशी उत्तरपत्रिकेसमोर बसवून त्याचे अध्यापन सुधारेल, असे मानणे हा भाबडेपणा आहे. त्याचा एकटेपणा हाच मूळ रोग आहे.

एका छपराखालचे अनोळखी

पुणे महापालिकेची एखादी शाळा-इमारत पाहावी. बाहेर एकच फाटक असते. पण आत मुलांची शाळा क्रमांक अमुक आणि मुलींची शाळा क्रमांक तमुक असे वेगवेगळे फलक असतात. सकाळी एक शाळा भरते, दुपारी दुसरी. कोठे मराठी माध्यमाच्या जोडीला उर्दू माध्यम, कोठे इंग्रजी, तर कोठे कन्नड. प्रत्येकीचा मुख्याध्यापक निराळा, हजेरीपट निराळा, कपाट निराळे आणि कपाटाची किल्लीही निराळी. सकाळचे शिक्षक जिना उतरत असता दुपारचे शिक्षक तो चढत असतात. त्यांच्यात नमस्कारापलीकडे संबंध येण्यास अवकाशच नसतो. सकाळच्या वर्गात बसणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ दुपारच्या वर्गात बसतो, दोघेही एकाच खोपटातून आलेली असतात. पण बहिणीच्या बाईंना जे कळले आहे ते भावाच्या गुरुजींना कळण्याची सोय नाही.

त्यातही शिक्षकांच्या खोलीत आता पंक्तिभेद शिरला आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेले जुन्या निवृत्तिवेतनाचे धनी, त्यानंतरचे त्यापासून वंचित. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेने तीन वर्षे मानधनावर राबणारा तिसरा वर्ग निर्माण केला. आरंभी तीन हजार, पुढे सहा हजार आणि २०२३ पासून प्राथमिक शाळेत सोळा हजार रुपये असे हे मानधन आहे. शिवाय कंत्राटी आणि तासिकेवरचे शिक्षक आहेतच. एकाच कामाला इतके दर असतील तर त्या खोलीत सहकार्याचे बीज रुजणार कसे? कामाच्या दामात समता असल्यावाचून कामात बंधुभाव येत नाही, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे आणि शाळा त्याला अपवाद नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयाचे आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे दिवसाला सरासरी चार ते साडेचार तास. त्याच अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे तास आठवड्याला किमान ४५ ठरविले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तरी अध्यापनाचे तास २४ ते २७ होतात. उरलेले अठरा-वीस तास हे कायद्याच्या दृष्टीने मुख्यतः तयारीचे, वह्या तपासण्याचे, विचार करण्याचे तास आहेत. हे तास जातात कोठे?

ते जातात माहिती भरण्यात. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, मुलांच्या आधार क्रमांकांची जुळणी, वार्षिक सांख्यिकीचे रकाने, मोबाइलवर आलेल्या आदेशाला सायंकाळच्या आत छायाचित्रासह उत्तर. मतदारयाद्यांसाठी केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर फिरणे आहेच. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे त्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम म्हणते. पण अपवादाच्या फटीतून सारा संसार आत आला आहे. ज्या प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर नाही तिला स्वतंत्र मुख्याध्यापक देण्याचे बंधन कायद्यात नाही. तेथे वर्गशिक्षकच मुख्याध्यापक आणि तोच कारकून. शिक्षकांचा नेता व्हावयाचा तो टपाल पोहोचविणारा झाला आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

शिक्षकाचा हा एकटेपणा आजच कोणाच्या ध्यानी आला असे नाही. १९६६ साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळांनी एकत्र यावे, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मुख्य म्हणजे शिक्षकांचे अनुभव वाटून घ्यावेत, आणि शिक्षण खात्याने या समूहावर विश्वास टाकून त्याला अधिकार द्यावेत, असा तिचा गाभा होता. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. सरकारी शाळांना एकाकीपणातून बाहेर काढल्यावाचून गुणवत्ता वाढणार नाही, हे या कल्पनेमागचे मर्म होते.

महाराष्ट्राने १९९४ साली केंद्रशाळांची रचना उभारली, ती या कल्पनेचेच अपत्य. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून अध्यापनाची चर्चा करावयाची. प्रारंभी काही ठिकाणी या बैठकांनी जीव धरला. पण पुढे केंद्रप्रमुखाची पदे रिकामी राहू लागली, जे नेमले गेले ते तक्ते गोळा करणारे मधले दूत बनले आणि शिक्षण परिषदेत शिक्षणाऐवजी परिपत्रकांचे वाचन होऊ लागले.

आणि मग २०२३ साली ‘समूह’ हा शब्द पुन्हा कानावर आला. या वेळी त्याचा अर्थ निराळा होता. वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांतील मुलांना एका मोठ्या ‘समूह शाळे’त आणण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागविले; पुणे जिल्ह्यातील पानशेतच्या शाळेचा दाखला त्यासाठी देण्यात आला. कोठारी आयोगाच्या समूहात शाळा जागच्या जागी राहणार होत्या आणि शिक्षक एकमेकांकडे चालत जाणार होते. नव्या समूहात शिक्षकांच्या भेटीगाठी हा प्रश्नच नाही. तेथे मुलेच घाटरस्त्याने शाळेकडे जाणार. सहकार्याचा शब्द काटकसरीच्या कामाला जुंपला की त्याचे काय होते, याचा हा नमुना आहे. २०२० च्या धोरणातही शाळासंकुलाची कल्पना आहे. तिचा अर्थ यांपैकी कोणता होणार, याकडे जागरूक नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

घडू शकते, घडले आहे

सरकारी शाळेत शिक्षकांचे सहकार्य शक्यच नाही, असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाची आठवण करावी. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील चाळीसेक जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी एकत्र वाचले, एकमेकांचे वर्ग पाहिले, मूल स्वतः ज्ञान कसे रचते यावर वाद घातले आणि आपले अध्यापन बदलले. पगार तेच, इमारती त्याच, मुले तीच. बदलले ते शिक्षकांचे परस्परांशी नाते आणि अधिकाऱ्याचे शिक्षकांशी नाते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयामागे या प्रयोगाची प्रेरणा होती. राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला गेले. परंतु परतताना पुष्कळांनी आणले काय? फरशीवर रंगविलेली आकड्यांची आणि अक्षरांची चित्रे! ती राज्यभर उमटली. ज्या चर्चेतून ती चित्रे जन्मली ती चर्चा मात्र कुमठ्यातच राहिली. तपश्चर्या सोडून कमंडलू उचलण्याचा हा प्रकार झाला.

परदेशांतही याचे दाखले आहेत. जपानच्या प्राथमिक शाळांत शतकाहून अधिक काळ चालत आलेली एक पद्धत अशी की, काही शिक्षक मिळून एखादा पाठ आखतात, त्यांच्यापैकी एकजण तो शिकवितो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात आणि मग सारे मिळून त्यावर बोलतात. पाहावयाचे ते मूल कोठे अडखळले. गुरुजी कसे बोलले हे नव्हे. इंग्लंडमध्ये शिक्षक संघटनांशी झालेल्या करारानंतर २००५ पासून प्रत्येक शिक्षकाला अध्यापनाच्या वेळापत्रकातील किमान दहावा हिस्सा तयारीसाठी मोकळा ठेवण्याचा हक्क मिळाला. तेथे हा वेळ मेहेरबानी म्हणून मिळत नाही, सेवाशर्त म्हणून मिळतो.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. २००९ पासून पुण्यात ‘टीच फॉर इंडिया’चे तरुण पदवीधर दोन वर्षांसाठी शाळांत येऊ लागले आणि महापालिकेच्या काही शाळा ‘आकांक्षा’सारख्या संस्थांकडे चालविण्यास दिल्या गेल्या. लोकशाळा अशी तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्यांकडे सोपवावी हे आम्हांला मान्य नाही. शिक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे आणि दोन वर्षांचा पाहुणा हा तीस वर्षांच्या शिक्षकाला पर्याय होऊ शकत नाही. पण या संस्था एक गोष्ट कटाक्षाने करतात: आपल्या नवख्या शिक्षकांना त्या एकटे सोडीत नाहीत. त्यांना गट असतो, मार्गदर्शक असतो, ठरलेली बैठक असते. महापालिकेच्या कायम शिक्षकाला यांतले काहीच नसते. मग दोघांची तुलना करून लोकशाळेला नालायक ठरविणे हा कोठला न्याय?

मागणी

म्हणून आमची मागणी साधी आहे. महापालिकेच्या प्रत्येक शाळा-इमारतीत आठवड्यातून एक तास असा असावा, की ज्या वेळी त्या छपराखालचे सारे शिक्षक, सकाळचे आणि दुपारचे, मराठीचे आणि उर्दूचे, कायम आणि मानधनावरचे, एकत्र बसतील. दोन अधिवेशनांच्या सांध्यावर हा तास बसविता येतो. तो मुलांच्या अध्यापनातून कापावयाचा नाही. कायद्यानेच दिलेल्या तयारीच्या तासांतून घ्यावयाचा आहे. या तासाला परिपत्रक वाचावयाचे नाही, छायाचित्र काढावयाचे नाही, अहवाल पाठवावयाचा नाही.

या तासात करावयाचे काय? एक उदाहरण देतो. तिसरीतील मूल बावन्नातून सत्तावीस वजा करते आणि उत्तर पस्तीस लिहिते. एकटा शिक्षक त्यावर लाल फुली मारतो आणि पुढे जातो. पण ती वही चार शिक्षकांच्या मध्ये टेबलावर ठेवली, की कोणीतरी म्हणतो, या मुलाला वजाबाकी येत नाही असे नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला आहे, त्याला दशक सुटे करणे उमगलेले नाही. दुसरी बाई आपल्या वर्गात काड्यांचे गठ्ठे सोडवून हे कसे शिकविले ते सांगते. तिसरा म्हणतो, हे मूल घरी कन्नड बोलते, त्याला ‘हातचा’ हा शब्दच कळलेला नसेल. दहा मिनिटांत चार शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. त्यासाठी उतरंड लागली नाही. परिषदेतील आणि लोणी काळभोरच्या तज्ज्ञांनी यावे ते या टेबलाशी, शिक्षकांना आपल्या सभागृहात बोलावण्याऐवजी.

यावर आक्षेप येतील. पहिला, पैशाचा. या तासाला पैसा लागत नाही. लागतो तो मुख्याध्यापकाला कारकुनीतून सोडविणाऱ्या मनुष्यबळाला, आणि तो खर्च या शहराला न परवडणारा नाही. १९२० साली पुण्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हाही पैसा नाही, सबब सक्ती आधी मुलग्यांपुरती करावी, असे म्हणणारा पक्ष होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि शहरातील स्त्रिया त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. पैशाची सबब तेव्हाही खरी नव्हती, आजही नाही.

दुसरा आक्षेप असा, की शिक्षक या तासात गप्पा मारतील. काही मारतील. सुरुवातीस बरेचजण मारतील. ज्यांना वर्षानुवर्षे कोणी मत विचारले नाही त्यांना विचार मांडण्याची सवय होण्यास वेळ लागणारच. पण विश्वास टाकल्यावाचून जबाबदारी उत्पन्न होत नाही, हे लोकशाहीचे पहिले सूत्र आहे. देखरेख हवीच असेल तर ती शाळा व्यवस्थापन समितीने करावी. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायदा सांगतो. आपल्या मुलाचे गुरुजी एकत्र बसून आपल्या मुलाविषयी बोलतात हे पाहण्याइतकी चांगली तपासणी दुसरी कोणती?

तिसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येईल: आणखी एक ओझे! शिक्षक संघटनांना आमचे येथेच सांगणे आहे. वेतन, बदल्या, निवृत्तिवेतन यांसाठीचे लढे न्याय्य होते आणि आहेत. पण अध्यापन कसे व्हावे हा प्रांत संघटनांनी अधिकाऱ्यांना आणि आता संगणकीय मंचांना मोकळा सोडला आहे. जो वर्ग आपल्या कामाच्या गुणवत्तेवर स्वतः हक्क सांगत नाही, त्याच्यावर तो हक्क दुसरे गाजवितात. वर्गात अनुपस्थित राहणाऱ्या, मूल कच्चे राहिले तर त्याच्या जातीकडे आणि वस्तीकडे बोट दाखविणाऱ्या शिक्षकाला त्याच्या सहकाऱ्यांनीच जाब विचारला पाहिजे. आणि तो विचारण्याची जागा हा सामाईक तासच आहे. संघटनांनी हा तास सेवाशर्त म्हणून मागावा. ज्या दिवशी पुण्याचे शिक्षक अध्यापनाच्या वेळेसाठी मोर्चा काढतील त्या दिवशी पालक त्यांच्या पुढे चालतील.

महापालिकेच्या लोकनियुक्त सभेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ हे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. जुनी शिक्षण मंडळे त्याआधीच इतिहासजमा झाली होती. त्यांचा कारभार आदर्श होता असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेविषयी जाहीरपणे प्रश्न विचारता येईल अशी एक जागा त्यामुळे गेली. म्हणूनच ही मागणी आम्ही केवळ आयुक्तांच्या टेबलावर ठेवीत नाही. ती नगरसेवकांकडे, शिक्षक संघटनांकडे आणि सर्वांत आधी वस्त्यावस्त्यांतील आयाबापांकडे ठेवतो. जनता वसाहत, दांडेकर पूल, ताडीवाला रस्ता, येरवडा येथील पालकांनी व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारावा: आमच्या मुलांचे गुरुजी आणि बाई या आठवड्यात एकत्र कधी बसले होते, आणि काय बोलले? हा प्रश्न शंभर शाळांत विचारला गेला, तर उत्तर देण्यासाठी तरी तो तास शोधावाच लागेल.